मुंग्यांचं फाटक

मुंगीसाठी आगगाडी थांबवणारा माणूस सगळ्या मुलखात एकच झाला, आणि तो माझा दोस्त होता. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं तेही तेच. सांगलीच्या अलीकडं, नदीकाठच्या त्यांच्या गावात, घरामागच्या परड्यात कढीपत्त्याच्या झाडाखाली दोघं म्हातारे उकिडवे बसून मुंग्या कधी जातात ते बघत होतो. पुढं वीतभर रुंदीच्या रुळावर आमचं पितळी इंजिन फुसफुसत उभं होतं, मागं पत्र्याचे चार डबे. मुंग्यांची रांग काही तुटेना. मी म्हणालो, "अण्णा, आवं दिवस मावळाय लागला." अण्णा म्हणाले, "मावळू दे की. त्यास्नीबी घराकडंच जायचं हाय, मिस्त्री. तुमाला तेवढं घर हाय व्हय?" आणि दिवस मावळलाच. मावळल्यावर अण्णांच्या परड्यात वात पेटत नसे, कारण उजेडावर किडं-पाखरू येऊन पडतं. त्यांनी इंजिनाखालची वात फुंकली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. सकाळी न्हेऊ." गाडी अशी मधेच सोडलेली मी त्यांच्याकडं कधी बघितली नव्हती. हातानं ढकलून नेऊ म्हणालो तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवाला शिवी दिली होती. "ढकलायची ती गाडी न्हवं. ते खेळणं."

आता हा माणूस रेल्वेत होता असं कुणाला वाटेल. रेल्वेशी त्यांचा संबंध तिकीट काढण्यापुरता. धंदा हळदीचा. धोतर पिवळं, बोटं पिवळी, कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या. हळदकुंकवाला गेल्यासारखा हा माणूस बारा महिने दिसायचा. मी फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात पाने फिरवून पेन्शनीत आलेला, शाळा तिसरीपर्यंत. पण हात गप्प बसत नाहीत म्हणून घरी पितळेची, पत्र्याची इंजिनं करायचो. पुण्याच्या रेल्वेची लहान लाईन उचलून मोठी केली त्या सुमाराला मिरजेच्या भंगार बाजारात मोडका पितळी स्टो मी एका बाजूनं धरला आणि दुसऱ्या बाजूनं एका पिवळ्या हातानं धरला. मी म्हणालो, "सोडा, मला बॉयलरला पायजे." ते म्हणाले, "मलाबी बॉयलरलाच पायजे." मग दोघांनीही सोडला आणि एकमेकांकडं बघत बसलो. आपल्यासारखं येडं अजून एक आहे हे कळल्यावर माणसाला जे वाटतं ते मला फौजेत मेडल मिळाल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. स्टो शेवटी दुकानदारानं दोघांच्या पुढनं उचलून तिसऱ्यालाच दिला.

त्यांची लाईन गोठ्यापासनं निघायची ती नारळाला वळसा घालून, कढीपत्त्याखालनं, तुळशीला डावीकडं टाकून सैपाकघराच्या दारात यायची. कापसाच्या गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे रूळ, बाभळीचे स्लीपर. स्टेशनं दोनच, 'गोठा' आणि 'सैपाकघर'. पाट्या रंगवलेल्या. सैपाकघर स्टेशनात त्यांच्या मंडळी, आम्ही सगळे आक्का म्हणायचो, त्या उभ्या असायच्या. गाडी आली की आक्कांनी फडकं हलवायचं. त्यांना तव्यावरची भाकरी उलटायची असली तर गाडी बाहेर खोळंबायची. "सिग्नल न्हाई," अण्णा म्हणायचे. आतनं आवाज यायचा, "भाकरी करपली तर खाशीला का सिग्नल?"

अण्णा जैन, आणि ती गाडीही त्यांनी जैन करून टाकली होती. बॉयलरमधलं पाणी फडक्यातनं गाळून घालायचं. गाडीपुढं स्वतः मऊ कुंचा घेऊन रूळ झाडत उलटं चालायचं, आणि उलटं चालताना दोनदा गोठ्याच्या शेणात बसलेलेही मी बघितलेत. बसल्या जागेवरनं हात वर करून म्हणायचे, "गाडी थांबवू नगा, लाईन साफ हाय." चातुर्मासात गाडी बंद, कारण ओल्या मातीत जीव फार. त्या दिवसांत पाहुणा आला तर त्याला नुसते रूळ दाखवायचे, आणि पाहुणाही देवळात दर्शनाला यावं तसं बघून जायचा. कढीपत्त्याखाली मुंग्या नेहमी आडव्या जायच्या, तिथं त्यांनी पाटीच लावली होती, 'मुंग्यांचं फाटक'. एकदा जावई पुण्याचा एक साहेब घेऊन आला दाखवायला. साहेब घड्याळ बघत होता. मुंग्या निघाल्या. जावई हळूच म्हणाला, "मामा, फुंकर मारा की." अण्णांनी जावयाला साहेबासमोर सांगितलं, "तुमच्या फाटकावर तुमाला कुणी फुंकर मारली तर चालंल का?" साहेब गाडी न बघताच गेला. जावई वर्षभर बोलत नव्हता.

मालगाडीतनं जमिनीखालचं काही न्यायचं नाही हा आणखी एक कायदा. कांदा, बटाटा, लसूण बंद. लिंबं चालतील, वाटाण्याच्या शेंगा चालतील. मी एकदा म्हणालो, "अण्णा, हळद तरी कुठं झाडाला लागतीया?" ते जरासे अडले आणि म्हणाले, "ती वाळल्यावर येती. वाळल्यावर चालती." माझ्या कारभारणीनं हे ऐकलं आणि तिच्या डोळ्यात जे आलं ते मी ओळखलं. ती दरवेळी माझ्याबरोबर यायची. कोरेगावकडनं यायचं म्हणजे दिवस मोडायचा, पण आक्कांशी तिचं जमायचं. पत्र्याचा एक डबा तिनंच मला करायला लावला होता आणि बैलगाडीच्या चाकाचा उरलेला निळा रंग स्वतः दिला होता. त्या डब्यातनं ती गोठ्याकडनं आक्कांना फुटाणे पाठवायची, आक्का परत गूळ पाठवायच्या. त्या दिवशी तिनं फुटाण्यांखाली कांदा दडवला. गाडी तुळशीच्या वळणाला आली आणि उलटली. आमचं वळणच वाकडं झालं होतं, पण मातीत कांदा गडगडत चाललेला अण्णांनी बघितला. अण्णांनी कुंच्यानं कांदा बाजूला सारला आणि गंभीरपणे म्हणाले, "वयनी, बघा. इंजिनालासुदिक कळतंय." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. आक्का पाणी घेऊन धावल्या. तिचं हसणं म्हटलं की मला अजून तेच आठवतं.

पुढल्या वर्षी ती गेली. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टर काय म्हणाला ते सांगून उपयोग नाही.

अण्णा आले. ओट्यावर दिवसभर बसले. येणारे-जाणारे देवाची मर्जी, नशिबाचं लिहिलेलं असलं काहीबाही बोलत होते. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून अण्णा लवकर उठले आणि निघताना म्हणाले, "निळा डबा चालू ठेवलाय." मला असा राग आला. माणूस गेलं माझं, आणि हे डब्याचं सांगतात. मी पायरीपर्यंतही गेलो नाही.

वर्षभर मी हत्यारांची पेटी उघडली नाही. मग एक दिवस ठरवलं की हे सगळं बंद करायचं. पेटी अण्णांना द्यायची, आणि तो डबा तेवढा आपल्या घरी आणायचा. तिच्या हाताचा रंग होता त्याला. दुसऱ्याच्या परड्यात तो कशाला फिरतोय?

गेलो तर अण्णा वाळलेले दिसले, हळदीसारखेच. पण गाडी तयार होती. चार डबे, शेवटचा निळा, रिकामा. मी चहासुद्धा न घेता म्हणालो, "अण्णा, तो डबा सोडून द्या. घेऊन जातो. आता हे माझ्यानं हुत न्हाई."

"सोडतो की," ते म्हणाले. "पण गाडी सैपाकघरला लागल्याबिगर डबा सुटत न्हाई. रूल हाय."

"रिकामा डबा कशापायी वढताय वर्षभर?"

"रिकामा हाय म्हणून तर वढाय सोपा."

मग गाडी सोडली. ते उलटे झाडत चालले, मी इंजिनाबरोबर. फाटकाशी मुंग्या निघाल्या, दिवस मावळला, ते पहिलंच सांगितलं. जेवण आधीच झालं होतं. अंथरुणावर पडल्यावर ते म्हणाले, "सकाळी सैपाकघरला लावू. मग न्ह्या डबा. तुमचाच हाय." मी हूं म्हणालो. त्यांनी मुंग्यांचं निमित्त करून मुद्दाम वेळ काढला की काय असं मला वाटलं होतं. विचारणार होतो, सकाळी.

सकाळी आक्कांनी हाक मारली आणि ते उठले नाहीत.

माणसं जमली. गाव मोठं, धंद्याचा माणूस, परडं भरून गेलं. लाकडं आणायला कोण, मुलीला निरोप द्यायला कोण, सगळं चाललं होतं. कुणी गोठ्याकडं जाताना रूळ ओलांडत होतं, कुणी रुळावरच उभं होतं. गाडी फाटकाशी तशीच. मला तेवढंच दिसत होतं. मी आत जाऊन फडकं घेतलं, घागरीतलं पाणी गाळलं, बॉयलरमध्ये घातलं आणि वात पेटवली. अण्णांचा चुलतभाऊ आला. "आवं मिस्त्री, ही काय येळ हाय का ह्याची? बाहेर अण्णांची ताटी बांधाय लागल्यात."

आक्का दारात बसल्या होत्या, बायका त्यांना धरून. तिथनं त्या म्हणाल्या, "करू द्या त्यास्नी. गाडी मधी सोडून ते कवा गेले न्हाईत."

वाफ धरायला वेळ लागला. माणसं बाजूला झाली. मी खिळ्यावरचा कुंचा घेतला आणि उलटा चालत रूळ झाडायला लागलो, तर फाटकाशी परत मुंग्या. त्याच असतील. माझ्यामागं गाव खोळंबलं होतं. मी थांबलो. चुलतभाऊसुद्धा वाकून बघत होता. शेवटची मुंगी गेली तेव्हा मी वाफेची चावी सोडली.

अण्णा शिट्टी तोंडानं घालायचे, कारण इंजिनाची कधी वाजलीच नाही. मी घालायला गेलो तर ओठ जुळेनात. गाडी तशीच मुकी गेली, तुळशीला डावीकडं टाकून, तिथल्या वळणावर जराशी कलली, पण उलटली नाही. सैपाकघरच्या दारात आक्कांनी हातातला पदर जरासा हलवला. सिग्नल होता तो.

गाडी लागली. आक्का म्हणाल्या, "डबा सोडून घ्या, भाऊजी. ते म्हणाले होते."

मी वाकलो. कडीला हात लावला. निळा रंग अजून घट्ट होता.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

मग वात फुंकली, बॉयलरचं पाणी निववून तुळशीला घातलं, कुंचा खिळ्याला अडकवला आणि खांदा द्यायला बाहेर गेलो.