भिंतीवरचे हंस

माझ्या लग्नात वडिलांनी इंदापूरहून लोखंडी पलंग पाठवला होता. मजबूत होता, कुरकुरत नव्हता, पण त्याला उशाकडची पाठ नव्हती. काटेवाडीच्या आमच्या घरात पहिले काही महिने हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मग बारामतीला सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं लग्न झालं आणि तिच्या घरी सागवानी पलंग आला. उशाशी पुरुषभर उंचीची नक्षीदार पाठ, मधोमध आरसा, दोन्ही बाजूंना कोरलेले हंस.

तो बघून आल्यापासून सासूबाई भाकरी मोडत, पण खात नसत. "आपल्या पलंगाला तेवढंच कमी हाय," एवढंच म्हणत.

सासऱ्यांना हे पटेना. "अगं, झोपताना डोळं मिटत्यात. मागं हंस हाय का म्हस हाय, कुणाला दिसतंय?"

"पाहुण्यांना दिसतंय," सासूबाई म्हणाल्या. पाहुणे आमच्या खोलीत कशाला येतील, हे विचारायची नव्या सुनेची प्राज्ञा नव्हती.

शाळेत माझी चित्रकला बरी होती. मी भीतभीत सासूबाईंना म्हणाले, "आत्या, मी भिंतीवरच काढते पाठ. लाकडाचीच वाटंल."

ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून उरलेला तेलरंग घरात होता, दाराचा तपकिरीही होता. मी पलंग पुढे ओढला, भिंत घासली आणि खडूनं कमान आखली. तेवढ्यात घरातल्या प्रत्येकाला कलेची जाण आली.

सासूबाई खुर्ची टाकून बसल्या. "तिचं हंस एकमेकांकडं पाठ करून बसल्यात, भांडल्यावानी. आपलं समोरासमोर काढ."

माझ्या नवऱ्याला टेपरेकॉर्डर हवा होता. खरा घ्यायचं त्याचे वडील मनावर घेत नव्हते, म्हणून चित्रातला. आणि विरोध करणारे सासरे सगळ्यात शेवटी दारात येऊन घुटमळले. "कोपऱ्यात आपली जर्सी गाय बसती का बघ. दूध देती ती, हंस काय देतोय?"

गाय बसवली मी. पण अगदी खाली, उशी ठेवली की झाकली जाईल अशा ठिकाणी. उपयोग झाला नाही. कुणीही आलं की सासरे त्याला आत नेत आणि उशी उचलून गाय दाखवत. महिनाभर आमच्या खोलीत डेअरीचे लोक, सोयरे, एकदा तर गायीला इंजेक्शन द्यायला आलेले डॉक्टरसुद्धा येऊन गेले. आम्ही दोघं मात्र गर्दीला कंटाळून ओसरीवर झोपायला लागलो.

शेवटी जिच्यासाठी हा खटाटोप, ती बारामतीची मावशी आली. दारातून बघताना तिचा चेहरा पडला. मग जवळ जाऊन तिनं बोटानं टकटक केली आणि खुलली.

"अगं बया, ही भिंतच हाय की!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मग? भिंतीत ढेकूण न्हाय होत."

मावशीनं बोट मागं घेतलं. तिच्या सागवानी हंसांच्या पिसापिसांत ढेकूण झाले होते, ही बातमी सासूबाईंनी कुठून मिळवली होती देव जाणे. थोड्याच दिवसांत मावशीचा निरोप आला: सुनेला रंग घेऊन पाठव. आम्ही गेलो तेव्हा तिची नक्षीदार पाठ अंगणात उन्हात पडली होती, आणि तिच्यावर पापड वाळत होते.

त्यानंतर मला पिंपळीचं बोलावणं आलं, मग आणखी कुठकुठची. सासूबाई प्रत्येक ठिकाणी सोबत. आधी त्या माझी ओळख "ही इंदापूरची" अशी उसासा टाकून करून देत. आता म्हणत, "आमच्या सुनेचा हात हाय." मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, त्याच्यासाठीच मी एसटीचे धक्के खात होते.

मोरगावच्या एका घरी मात्र मी अडकले. खोलीत पलंगच नव्हता. घोंगडं अंथरलेलं, त्यावर उशी.

"पलंगाची उंची किती धरू?" मी तिथल्या म्हाताऱ्या आबांना विचारलं.

"आणला न्हाय अजून. तुमी काढा तुमच्या अंदाजानं. ह्याच्या मापाचा बघून आणू."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. दोघीही हसलो नाही. मग मी जमिनीलगतच कमान आखली, घोंगड्याला शोभेल एवढी, आणि दोन हंस बसवले. चहाला म्हणून आम्ही बाहेर गेलो. परत येऊन बघतो तर आबा घोंगड्यावर पाय पसरून, ओल्या भिंतीला टेकून बसलेले, डोळे मिटून.

"आबा, रंग!" मी ओरडले.

ते उठले. उजवा हंस पुसला गेला होता आणि पांढऱ्या सदऱ्यावर पाठीमागं उमटला होता, चोचीसकट.

मी कापड घेऊन धावले. त्यांनी हात आडवा केला.

"ऱ्हाऊ द्या की. भिंतीवर दुसरा काढा. ह्यो मी गावात दाखवून येतो."