दुमिंगचे शंभर गुण

मी आयुष्यात एकच कप जिंकलो, आणि तो चोरीचा होता.

ज्याचा होता तो दुमिंग आज सकाळी पाचूबंदरला, आपल्या घरी वारला.

नातू म्हणतो, "आजोबा, फेसबुकवर इतकं खरं लिहू नका."
लिहिणार.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वसईत आमचं बॅगाटेल मंडळ होतं. बॅगाटेल म्हणजे तुमच्या पिनबॉलचा आजोबा. ना लाइट, ना म्युझिक. एक उतरती लाकडी फळी, तिच्यावर खिळे, बाजूला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की लोखंडी गोळी खिळ्यांवर आपटत खाली येते आणि एखाद्या आकड्याच्या खळग्यात पडते.

दहा गोळ्यांचा डाव. प्रत्येक गोळीनंतर खेळाडूने आपली बेरीज स्वतः मोठ्याने सांगायची, "अमुक गुण". नाही सांगितली तर ती गोळी धरायची नाही. हा नियम माझाच. मी सेक्रेटरी होतो ना, वय वर्षं एकोणीस!

दरवर्षी टूर्नामेंट, आणि दरवर्षी आम्ही तेच नऊ जण. सगळे बागायती वाडीवाल्यांचे मुलगे, हायस्कूल शिकलेले. एकमेकांना हरवून कंटाळलो होतो. नवे खेळाडू आले नाहीत तर मंडळ बंद पडणार, हे दिसतच होतं.

दुमिंगला मी जत्रेतल्या स्टॉलवर खेळताना पाहिलं होतं. दोन बोटांनी दांडा ओढायचा, अगदी सावकाश. सांगेल त्या खळग्यात गोळी.

म्हणून त्याला बोलवायला मी बंदरावर गेलो. तो जाळं शिवत होता.

"आमी येव, पन तुमी सगले शिकलेले. कोन हसला तं?"
"कोणी हसणार नाही. मी आहे ना."

रविवारी दुपारी तो आला. सोबत चार दोस्त, धुतलेल्या शर्टांत, दारातच उभे. दुमिंगचं बरं झालं तर पुढच्या रविवारपासून तेही खेळणार होते.

दुमिंग एकेकाला गारद करत फायनलला आला.
समोर मी.

माझे सातशे झाले होते. त्याची एक गोळी शिल्लक.
"सारेसाशे गुन!" तो आनंदाने ओरडला. साडेसहाशे.

मला घाम फुटला होता. मी त्याचाच हेल काढून ओरडलो, "किती? गुन? का गुन्हा?"

सगळी खोली हसली.

आमच्या घरात तरी कुठे पुस्तकी बोलत होते? माझी आईसुद्धा 'पानी'च म्हणायची. हायस्कूलात गेल्यावर मी ती बोली उंबऱ्याच्या आत ठेवायला शिकलो होतो, एवढंच.

दुमिंगने शेवटची गोळी सोडली. ती शंभरच्या खळग्यात पडली.

आता फक्त सांगायचं होतं. साडेसातशे गुण.

तो माझ्याकडे बघत राहिला. तोंड उघडलं नाही त्याने.

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो, आणि त्या गोळीचं शून्य मांडलं. कप माझा.

ते पाचही जण गेले. बंदरावरून पुन्हा कोणी आलं नाही. दोन वर्षांत मंडळही बंद पडलं.

पुढे मी शाळेत मास्तर झालो. मासळी घ्यायला त्याच्या घरी गेलो की दुमिंग भेटायचा. "बसा मास्तर, पाणी आणू?" प्रत्येक 'ण' अगदी ठासून. कधी तर 'दुकान'चंही 'दुकाण' व्हायचं. शेजारच्याशी मात्र आपल्या बोलीत मोकळा.

आणि मला मूर्खाला वाटायचं, दुमिंग सुधारला! मनातल्या मनात मी त्याचंही श्रेय घ्यायचो.

आज त्याच्या मुलीचा फोन आला. रडत होती. मध्येच सहज बोलून गेली, "पप्पा आम्हाला लहानपणापासून सांगायचे, मास्तर घरी आले की नीट बोला. त्यांना आपली भाषा ऐकवत नाही."

"सांभाळ पोरी" म्हटलं आणि फोन ठेवला.

माफी मागायला उभा जन्म होता माझ्याकडे. दर आठवड्याला समोर होता तो. मी बोंबलाचा भाव करत राहिलो.

दुमिंग, तू जिंकला होतास.

शरमेने मान खाली घालून, तुला श्रद्धांजली.