फाडलेलं पान

कानिफनाथ गोर्डे म्हणजे नगरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटरचा शेवटचा शब्द. तीस वर्षं त्यांनी तिथली यंत्रं सांभाळली. नव्या पोरापोरींच्या डिग्र्यांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "काम येतं रे सगळ्यांना! कामामागं उभं कोण राहतं, ते सांगा," असं ते ठणकावायचे.

त्यांचा एक नेम होता. त्यांच्या हाताखालची मोनिका रोज संध्याकाळी सगळ्या पेशंटच्या नोंदींची कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्यायची. महिन्याच्या पहिल्या शनिवारी नाथसाहेब ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून दहा पेशंट उघडून बघायचे आणि मगच रजिस्टरवर सही करायचे. "कॉपी झाली म्हणजे काय झालं? उघडल्याशिवाय खरं मानायचं नाही!" घोडेगावहून एसटीनं येणाऱ्या मोनिकाला हे वाक्य पाठ झालं होतं.

आणि अशाच एका पहिल्या शनिवारी त्यांचाच सत्कार होता. शाल, नारळ, भाषणं! बाहेर गाडी उभी. साहेबांनी न बघताच सही ठोकली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मंगळवारी सर्व्हर बसला. डिस्क लावली, तर आत काही नाही. वीस दिवस जुन्या कॉपीवर रिकामीच कॉपी चढत होती, पडद्यावर मात्र 'पूर्ण' अशी हिरवी खूण रोज येत होती. शनिवारी एक पेशंट उघडला असता तरी कळलं असतं. काचबिंदूच्या म्हाताऱ्यांची सात वर्षांची मोजमापं गेली. नजर किती उतरली, हे डॉक्टरांनी ताडून बघायचं कशाशी?

चौकशी लागली. रजिस्टर मागवलं, तर नेमकं तेच पान नव्हतं. कॉपी घेणारी कोण? मोनिका. तिला घरी बसवलं. नाथसाहेब समोरच खुर्चीत होते. मूग गिळून बसले. पान गहाळ झालं, देवच पावला, असं वाटलं त्यांना. अरेरे, काय ही बुद्धी!

निवृत्तीनंतर मात्र ते हिरवं 'पूर्ण' त्यांना स्वस्थ बसू देईना. दोन वर्षांनी एके दिवशी त्यांनी घोडेगाव गाठलं. बाजारतळाजवळ मोनिकाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. एका आजीचा फॉर्म तिनं भरला, जतन केला, परत उघडला, आजीला वाचून दाखवला आणि मगच उठू दिलं. आजी गेल्यावर नाथसाहेब पुढं झाले.

"मोनिका, त्या शनिवारी मी डिस्क बघितलीच नव्हती गं. सही खोटी होती."

"माहीत हाय, सर." तिनं खण उघडून घडी घातलेला कागद पुढं ठेवला. रजिस्टरचं पान. खाली त्यांचीच झोकदार सही.

"हे तुझ्याकडं?"

"मीच फाडलं हुतं. मंगळवारीच. तीस वर्षांचं नाव एका सहीनं जाऊ ने, असं वाटलं."

"अगं, पण तुझी नोकरी गेली!"

"जाईल असं वाटलंच न्हाई, सर. म्हटलं, कागद कशाला पायजे? सर सोताच सांगतील." तिनं खण लावला. "त्या दिवशी गेटपर्यंत सारखी मागं वळून बघत गेले मी."