अपात्र कॉम्प्युटर

संग्रामपूरच्या बाजारात माझं लग्नपत्रिका छापण्याचं लहानसं दुकान आहे. मध्यंतरी कॉम्प्युटर उघडला की रोज एक सूचना यायची: जुन्या सिस्टीमची सुरक्षा बंद होत आहे, नवी टाका. टाकायला गेले, तर उत्तर आलं, हा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमसाठी पात्र नाही.

मी कॉम्प्युटर विकणाऱ्या ओळखीच्या माणसाला बोलावलं. डबा न उघडताच तो म्हणाला, "ताई, भंगारात घाला आता याले."

"काऊन? चांगला चालून राह्यला न."

"कंपनीच नाही म्हणते, तं आपन काय करनार?"

तो गेला, पण माझं डोकं तापलेलंच राहिलं. हा कॉम्प्युटर मी माझ्या कमाईतून घेतला. रॅम मी वाढवली, पंख्यातली धूळ मी काढते. तो कामाचा आहे की नाही, हे त्याला कधी न पाहिलेल्या माणसांनी का ठरवायचं?

मी मोबाइलवर वाचत सुटले. कळलं, की अडवते ती फक्त सुरुवातीची तपासणी. ती वगळून पेन ड्राइव्हवरून सिस्टीम टाकता येते. जबाबदारी मात्र आपली. नवरा म्हणाला, "डाटा उडाला तं डिझाइनं कुठून आनशीन?" त्याचं बरोबर होतं. सगळी डिझाइनं आधी वेगळ्या हार्ड डिस्कवर काढली आणि रविवारी शटर अर्धं ओढून बसले.

निम्मं काम झालं आणि लाइट गेली. यूपीएस कोकलायला लागला. शेजारच्या गाळ्यात शिवणकाम करणाऱ्या भाभींकडे इन्व्हर्टर होता. मी धावत जाऊन सगळा प्रकार सांगितला. त्यांनी आपली मशीन थांबवली आणि वायर माझ्या हातात दिली. "चीज तेरी है," त्या म्हणाल्या, "कब फेकना वो तू बोलेगी."

सिस्टीम बसली. पण आवाज गायब, आणि प्रिंटर ओळखेना. आवाज आणि प्रिंटर चालवणारे जुने ड्रायव्हर शोधून टाकता टाकता संध्याकाळ झाली. शेवटी प्रिंटरमधून पत्रिका सरकत बाहेर आली, तेव्हा मी एकटीच हसत बसले होते.

पुढे तोच विक्रेता भाचीची पत्रिका करायला आला. पडद्यावरच्या नव्या सिस्टीमकडे बघतच राहिला.

"हे कोनं बसवून देल्लं?"

"मीच टाकलं."

"उद्या अपडेट बंद केले तं?"

"तवाचं तवा पाहू. तुमी मुहूर्त सांगा."

मोठे अपडेट आपोआप येत नाहीत, मला हाताने टाकावे लागतात. टाकते.