टाकीतला वास

तुर्भ्याला आमचं लहानसं वर्कशॉप आहे. कागद गिरण्यांच्या टाक्यांत रद्दीचा लगदा सतत घुसळत ठेवणारे ॲजिटेटर आम्ही दुरुस्त करतो. आम्ही म्हणजे मी आणि दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. साताऱ्याहून मला त्यांनीच आणलं, काम त्यांनीच शिकवलं. त्यांच्यापुढे माझा शब्द कधी चालायचा नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर जवळच्या एका गिरणीतून फोन आला. ॲजिटेटरच्या पंख्याला सुतळी नि प्लॅस्टिक गुंडाळून तो जाम झाला होता. सुट्टीभर लगदा टाकीत तसाच पडून. आम्ही पोचलो तेव्हा टाकी उपसली होती, तळाशी गुडघाभर गाळ उरला होता. चुकून कुणी पंखा चालू करू नये म्हणून मेन स्विचला मी कुलूप घातलं. टाकीच्या तोंडाशी नासक्या अंड्यांचा वास मारत होता.

"दाजी, आधी ब्लोअर मागवू. हवा खेळू दे जरा."

"टेन्शन घेऊ नको. सुतळी कापायची नि वर यायचं. गिरणीचा सुपरवायझर डोक्यावर उभाय, बघ."

"मग पट्टा तरी बांधा."

चिडले, पण बांधला. पट्ट्याचा दोर मी कठड्याला अडकवला आणि ते शिडीनं उतरले.

गाळात पाय पडताच खालून बुडबुडे फुटले. थोडा वेळ सुरीची करकर ऐकू आली. मग त्यांचा आवाज आला, "वास गेला बघ!"

मला तर वरसुद्धा वास येत होता. सडक्या लगद्यातून सुटणारा हा विषारी वायू आधी माणसाचं नाक बधिर करतो, हे मी ऐकून होतो.

"दाजी, वर या! आत्ताच्या आत्ता!"

टॉर्च मारला, तर पंख्याला टेकून बसलेले, मान छातीवर.

गिरणीचा ऑपरेटर, खाडीकाठच्या गावचा गडी, शिडीवर पाय टाकायला लागला. मी त्याला शर्टाला धरून मागं खेचलं.

"सोर मना! मानूस मरंल!" तो सुटायला धडपडला.

"तूही मरशील! दोर ओढ!"

ओढला. दाजी थोडे उचलले गेले आणि अडकले. त्यांचा बूट पंख्याच्या पात्यांत अडकला होता. तो सुटायला दोर सैल सोडायचा म्हणजे त्यांना पुन्हा गाळात बसवायचं. माझे हात ऐकेनात. सुपरवायझरही दोराला लागला. सोडला, हिसडा दिला. बूट खालीच राहिला, दाजी वर आले. ओठ निळे पडलेले. उघड्यावर नेऊन निजवलं, तेव्हा कुठं छाती हलली.

वाशीच्या हॉस्पिटलात त्यांनी ताईला सांगितलं, "जरा चक्कर आली."

ताईनं माझ्याकडं बघितलं. मी सगळं सांगून टाकलं. दाजींनी भिंतीकडं तोंड फिरवलं. नंतर बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

आता टाकीत मीच उतरतो, आधी हवा तपासून. दाजी तोंडाशी उभे राहतात. मी पाती साफ करत असतो आणि ते वरून सारखी हाक मारत राहतात. कधी कधी वैताग येतो. तरी दर वेळी ओ देतो.