न्यायचे राहिलेले दगड

इथे परदेशात, मिल्टनच्या आमच्या घरामागे मेथीसाठी वाफा खणताना मला तळहाताएवढे करडे दगड सापडले, एकावर एक नीट रचलेले. मी ते धुऊन हौसेने तुळशीच्या कुंडीभोवती मांडले.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. त्यांचा जन्म उत्खननात गेला. कुंपणावरून दगड बघून ते म्हणाले, "हा दगड इथला नव्हेच. पूर्वीचे शिकारी लोक हत्यारांसाठी तो लांबच्या सरोवराकाठच्या खडकातून काढायचे. ओझं नको म्हणून निरुपयोगी भाग तिथेच ठोकून काढून टाकायचे, आणि उरलेल्यातले थोडे वाटेत पुरून ठेवायचे, पुढच्या फेरीसाठी."

"मग हे का राहिले?"

"न्यायला कोणी आलं नाही."

"हे मला कशाला सांगितलंत?" मी चिडलेच. दगड होते तसे पुरले, मेथी दुसरीकडे लावली. तरी भांडी घासताना खिडकीतून नजर त्या कोपऱ्याकडेच जाते. कोणीतरी वाकून जागा शोधतंय, असं वाटतं.

पुण्यात बहिणीच्या पलंगाखाली माझा पाटा-वरवंटा चादरीत गुंडाळून ठेवलाय. विमानात वजन जास्त होत होतं. तिने विचारलं की "पुढच्या खेपेला नेते," असं मी दरवेळी सांगते.

यंदा तिने विचारलंच नाही.