रहमतचा हातमोजा

रहमत मिस्त्रीचं इंजिन भंगारात गेलं, तेव्हा तो बैलगाडीमागे फाटकापर्यंत चालत गेला आणि परत येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. यवतमाळहून लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तो जिन होता, कापसातली सरकी काढायचा कारखाना, आणि मी तिथे कापसाच्या गाड्या तोलून घेत असे. त्या तेलाच्या इंजिनाला रहमतशिवाय कोणी जुमानत नव्हतं. थंडीत ते रुसायचं. तो बत्तीनं त्याचं डोकं तापवायचा, चाकाला झोंबायचा, शिव्या घालायचा, आणि मग ते धडधडायला लागायचं. शेटजीसुद्धा त्याला 'मिस्त्री' म्हणून मानानं हाक मारत.

साठ साली मोटर आली आणि भिंतीवर एक लोखंडी डबी बसली. तिच्यावर दोन बटनं. हिरवं दाबलं की सगळ्या चरख्या सुरू, लाल दाबलं की बंद. बसवणारा हसत म्हणाला, "आता शेंबडं पोरही जिन चालवील." रहमत हसला नाही. शेंबडं पोर चालवणार असेल तर मिस्त्री कशाला पोसायचा, हे त्याला शेटजींच्या आधी कळलं होतं.

वीजवाल्यांचा एक काळा रबरी हातमोजा मागे राहिला होता, तोही डाव्या हाताचा. रोज सकाळी तो चढवून, 'बिस्मिल्ला' म्हणून, रहमत हिरवं बटन दाबू लागला. एकदा तर सगळ्या बायांसमोर त्यानं उघड्या बोटानं लाल बटनाला हात लावला, किंचाळला आणि मागच्या रुईच्या ढिगावर जाऊन आदळला. नाटक कंपनीत गेला असता तर नाव काढलं असतं. उठून म्हणाला, "हिरव्यापरीस लालात करंट जास्त रायते. भरली गाडी उतारावर थांबवाले जोर जास्त लागते का नाई? तसंच हे. मी वाचलो, तुम्ही नाई वाचनार."

चरख्यांवर कापूस घालणाऱ्या बहुतेक बाया जवळच्या बंजारा तांड्यातल्या. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाठीवर माल लादलेले लदेणीचे बैल घाटाघाटांतून हाकले, त्यांना उताराची गोष्ट ताबडतोब पटली. खोटं कसं सांगावं, तर ऐकणाऱ्याच्या घरातलं उदाहरण देऊन. मलाही ते खरंच वाटलं होतं.

एकटी लालीबाई त्याची टर उडवायची. तिची चरखी डबीच्या सगळ्यात जवळ. "रहमतभाई, रोटी खातानी बी मोजा घालता का?" असं ती विचारायची आणि बाया हसायच्या. पण बटनाला हात तिनंही कधी लावला नाही.

माघातल्या एका दुपारी खाली सांडलेली रुई ओढायला ती वाकली आणि तिच्या ओढणीचं टोक चरखीच्या फिरत्या पट्ट्यात गेलं. साधं लुगडं असतं तर टरकन फाटलं असतं. ही तांड्यातली ओढणी, आरसे-कवड्या लावून दुहेरी शिवलेली. ती फाटली नाही. सोडवायला लालीबाईनं उजवा हात घातला आणि हातही आत गेला. ती "याडी, याडी" म्हणून मेलेल्या आईला हाका मारत होती. मोतीबाई डबीपासून दोन पावलांवर उभी होती. ती ओरडली, "रहमतभाईले बलावा!" सगळ्या तेच ओरडल्या. बटनाकडे एकीचाही हात गेला नाही.

रहमत फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत होता. उकंडा हमाल धावत जाऊन त्याला घेऊन आला आणि त्यांच्यामागून मी आत शिरलो. हातमोजा डबीशेजारी खिळ्याला टांगलेला होता. रहमतनं तिकडे पाहिलंही नाही. त्यानं उघड्या अंगठ्यानं लाल बटन दाबलं. चरख्या थांबल्या. त्याला काही झालं नाही. बायांनी लालीबाईकडे पाहिलं, आणि मग त्याच्या अंगठ्याकडे.

लालीबाईचा हात कोपरापासून काढावा लागला. शेटजी मला म्हणाले, "मला ठाऊक होतं रे ते नाटक. पण बाया बटनाजवळ फिरकत नव्हत्या, काम खोळंबत नव्हतं." त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. रहमत माझ्याजवळ येऊन रडला. "पोटासाठी केलं, बाबू. मले हाकललं असतं." त्याची दया येत होती आणि राग त्याहून जास्त येत होता. पोट काय त्याला एकट्यालाच होतं?

शेटजींनी त्याला काढलं नाही. तो रोज येऊन हिरवं बटन दाबी, हातमोजा न घालता, खाली मान घालून.

होळीच्या आधी लालीबाई तिच्या नवऱ्याबरोबर, पूनमसिंगबरोबर आली. चरख्या चालू होत्या. ती सरळ डबीपाशी गेली, उरलेल्या डाव्या हाताचं बोट लाल बटनावर ठेवलं आणि दाबलं. सगळा जिन गप्प झाला. शेटजी दारात येऊन थांबले.

ती थोडा वेळ आपल्या बोटाकडे पाहत राहिली.

"काईच होत नाई, रहमतभाई," ती म्हणाली. "मले वाटलं, थोडंसं तरी होत असन."

रहमत भिंतीला टेकून उभा होता. ती पूनमसिंगबरोबर फाटकाबाहेर पडली. मग मोतीबाई उठली आणि हिरवं बटन तिनंच दाबलं.